अठरा पूर्ण झाली, बारावी बाकी आहे: आता पोटगीचं काय?

माझ्या मुलाचा वाढदिवस जानेवारीत असतो. तो अठराचा झाला तेव्हा बारावीच्या प्रॅक्टिकल तोंडावर आल्या होत्या. दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यात पडणारे पैसे त्या फेब्रुवारीत पडले नाहीत. त्याच्या वडिलांना फोन केला तर उत्तर आलं, "ऑर्डरमध्ये काय लिहिलंय ते वाच." वाचलं. लिहिलं होतं, "मुलगा सज्ञान होईपर्यंत." खाली माझीही सही होती. म्युच्युअलच्या, म्हणजे दोघांच्या संमतीने घेतलेल्या घटस्फोटाच्या घाईत मी पोटगीचा आकडा तीनदा तपासला होता, हे तीन शब्द एकदाही नाही.

पुढचे काही महिने जे शिकले ते इथे मांडते आहे. मी वकील नाही, त्यामुळे हे वाचून वकिलाकडे जाऊच नका असं म्हणणार नाही. पण जाताना काय विचारायचं ते माहीत असलं की पहिल्या भेटीची फी वाया जात नाही. तुमच्या पोराचा अठरावा वाढदिवस अजून लांब असेल तर उत्तम, निम्मं काम सोपं आहे.

पहिलं काम: तारखा कागदावर मांडा

आपल्याकडे "अठरावं लागलं" आणि "अठरा पूर्ण झाली" यांत गल्लत होते. कायदा पूर्ण झालेली वर्षं मोजतो. १८७५ चा सज्ञानता कायदा अठरा पूर्ण झाल्यावर माणसाला सज्ञान मानतो, मग तो कमावता असो की बारावीच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसलेला असो.

आता हिशेब बघा. पहिलीत गेलं त्या जूनला ज्याची सहा वर्षं पूर्ण होती, ते मूल बारावीच्या जूनमध्ये सतरा पूर्ण करून आलेलं असतं. म्हणजे बारावीच्या वर्षभरातच कधीतरी ते अठरा पूर्ण करणार. मध्ये एखादं वर्ष गेलं असेल, आजारपण झालं असेल, अकरावीला पुन्हा बसावं लागलं असेल, तर बारावीचं कॉलेज सुरू होण्याआधीच. ही अपवादाची गोष्ट नाही, कितीतरी घरांत हेच होतं. फी, क्लास, परीक्षेचा फॉर्म, सीईटी किंवा नीटचा फॉर्म, सगळा खर्च एकदम अंगावर येतो आणि त्याच वर्षी कायद्याच्या लेखी मूल "मोठं" होतं.

एका कागदावर लिहा: अठरा पूर्ण होण्याची तारीख, बोर्डाची परीक्षा (फेब्रुवारी-मार्च), निकाल, लागलीच तर पुरवणी परीक्षा, आणि पुढे पदवी घ्यायची असेल तर ती संपण्याचं वर्ष. मूल १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसणार असेल तर तेही लिहा. तेही शिकणारंच मूल आहे, फक्त त्याचं शिक्षण सिद्ध करायला नावनोंदणीची पावती आणि हॉल तिकीट जपून ठेवावं लागतं.

दुसरं काम: ऑर्डर काढा आणि शेवटचं पान वाचा

घरातली झेरॉक्स चालत नाही. ज्या कोर्टाने आदेश दिला तिथल्या नक्कल विभागातून सहीशिक्क्याची नक्कल घ्या. मग त्यात तीन गोष्टी शोधा.

मुदत कोणत्या शब्दांत लिहिली आहे? "सज्ञान होईपर्यंत", "शिक्षण पूर्ण होईपर्यंत" आणि "पुढील आदेश होईपर्यंत" या तीन वाक्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. दुसरं किंवा तिसरं असेल तर अठरावा वाढदिवस हा नुसता वाढदिवस आहे, केक कापा.

तुमची आणि मुलाची रक्कम वेगळी लिहिली आहे की एकच आकडा आहे? एकच असेल तर "मुलाचा वाटा आता बंद" असं म्हणून समोरच्याने मनाने अर्धी रक्कम कापायची नसते. परिस्थिती बदलली असं त्याचं म्हणणं असेल तर त्याने कोर्टात बदलाचा अर्ज करायचा.

आणि आदेश कोणत्या कायद्याखाली आहे? हे पहिल्या पानावर, अर्जाच्या शीर्षकात सापडतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ असेल तर लक्षात ठेवा, १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे. दोन्ही कलमांतली मुलांबद्दलची वाक्यं हुबेहूब एक नाहीत. नव्या कलमाखाली अर्ज करणार असाल तर छापील मजकूर वकिलासमोर ठेवून एकेक ओळ समजून घ्या.

तिसरं काम: मुलगी की मुलगा?

हे विचारताना मलाही कसंतरी होतं, पण कायदाच इथे दोघांना वेगळ्या दारांनी पाठवतो.

मुलगी असेल तर दार उघडं आहे. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६, कलम २० पोटकलम ३. अविवाहित मुलगी स्वतःच्या कमाईवर किंवा मालमत्तेवर जगू शकत नसेल तर तिचा निर्वाह करण्याची जबाबदारी अठरानंतरही राहते. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. त्यात निर्वाह म्हणजे नुसती डाळ-भाकरी नव्हे. अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण, औषधपाणी आणि अविवाहित मुलीच्या बाबतीत लग्नाचा वाजवी खर्चसुद्धा व्याख्येत लिहिलेला आहे.

इथे एक खड्डा आहे आणि पुष्कळ जणी त्यात पडतात. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सप्टेंबर २०२० मध्ये स्पष्ट केलं की सज्ञान, धडधाकट मुलीला कलम १२५ खाली पोटगी मागता येत नाही, तिने १९५६ च्या कायद्याखाली मागावी. मॅजिस्ट्रेट तो कायदा वापरू शकत नाही. कौटुंबिक न्यायालयाकडे मात्र दोन्ही अधिकार असतात. म्हणून मुलीची मागणी घेऊन मॅजिस्ट्रेटकडे गेलात तर तारखा पडतील, चपला झिजतील आणि शेवटी "कलम चुकलं" म्हणून परत याल. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही तिथे १९५६ च्या कायद्याचा दावा दिवाणी न्यायालयात करायचा.

शिवाय मुलीचा हक्क तिचा स्वतःचा असतो. आईवडिलांनी घटस्फोटात आपापसात काय ठरवलं, यावर तो आपोआप बुडत नाही. मुलीला आईवडिलांकडून शिक्षणाचा खर्च मिळवण्याचा कायदेशीर हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा सांगितलं.

मुलगा असेल तर वाट अरुंद आहे. १९५६ चा कायदा मुलाला अठरापर्यंतच धरतो. कलम १२५ मध्ये सज्ञान मुलासाठी सरळ वाट एकच होती: शारीरिक किंवा मानसिक अपंगत्वामुळे किंवा दुखापतीमुळे तो स्वतःचं पोट भरू शकत नसेल तर. ही तरतूद नव्या संहितेतही आहे. तुमचं मूल विशेष गरजांचं असेल तर अठराची रेघ विसरा आणि जिल्हा रुग्णालयाचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र आधी हातात घ्या.

बाकीच्यांसाठी, म्हणजे माझ्यासारख्यांसाठी, न्यायालयांनी खिडक्या उघडल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये एका बापाला सांगितलं की मुलाचा खर्च अठराला थांबवून चालणार नाही, आजच्या काळात पदवी हेच मूलभूत शिक्षण आहे, तेव्हा पदवीपर्यंत दे. त्याच वर्षी जूनमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आणखी व्यवहारी विचार केला. अठराव्या वर्षी मुलगा जेमतेम बारावी होतो, त्याचा सगळा भार आईच्या एकटीच्या डोक्यावर टाकता येणार नाही, असं म्हणून न्यायालयाने आईलाच दरमहा १५,००० रुपये मंजूर केले, मुलगा पदवीधर होईपर्यंत किंवा कमावता होईपर्यंत. या निकालातली युक्ती नीट समजून घ्या. पैसे मुलाच्या नावाने मागितले तर "तो सज्ञान आहे" हे उत्तर तयार असतं. पण घरात जेवणारा, कॉलेजला जाणारा मुलगा आहे म्हणून आईचा खर्च वाढला आहे, ही मागणी आईची असते. वकिलाला नेमकं हेच विचारा: "माझ्या स्वतःच्या पोटगीत वाढ मागता येईल का, मुलाच्या शिक्षणाच्या कारणाने?"

मात्र आई स्वतः पोटगी घेत नसेल, एकरकमी घेऊन हक्क सोडला असेल, किंवा चांगली कमावती असेल, तर ही खिडकीही अर्धी बंद होते. मग उरते ती वाटाघाट. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सज्ञान मुलासाठी १ कोटीची तरतूद करायला लावल्याची बातमी तुम्हाला कोणीतरी व्हॉट्सअॅपवर पाठवेल. ते कुटुंब कोट्यधीशांचं होतं आणि त्यात न्यायालयाने आपले विशेष अधिकार वापरले होते. तिच्यावर आपला हिशेब बांधू नका.

मुस्लिम कुटुंबांबद्दल एवढंच, की अज्ञान, म्हणजे अठरा पूर्ण न झालेल्या, मुलांसाठी कलम १२५ चा (आता १४४ चा) आधार त्यांनाही आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच सांगितलं आहे. सज्ञान मुलीबद्दल मात्र १९५६ चा कायदा लागू नसल्याने वेगळा सल्ला घ्यावा लागेल.

चौथं काम: कोर्टाआधी एक पत्र

वाढदिवसाच्या निदान सहा महिने आधी. भांडणाचं नको, वकिलाची नोटीस तर इतक्यात नकोच. आकडे असलेलं साधं पत्र, ईमेल किंवा व्हॉट्सअॅप, ज्याची नोंद राहील असं. मी माझ्या एका मैत्रिणीला लिहून दिलेलं हे असं होतं:

"निखिलची अठरा वर्षं येत्या नोव्हेंबरात पूर्ण होतील. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत आहे. यंदाची कॉलेजची फी, क्लासची फी आणि प्रवास मिळून इतका खर्च आहे, पावत्या सोबत आहेत. सध्या ठरलेली रक्कम बारावीचा निकाल लागेपर्यंत चालू ठेवावी आणि त्यापुढचं निकालानंतर बसून ठरवू, असं मला वाटतं. पंधरा दिवसांत कळवावं."

निखिल हे नाव बदललेलं आहे. पत्रात मागच्या वीस वर्षांतलं काहीही नव्हतं, याचं श्रेय मी घेते. तिचा पहिला मसुदा चार पानांचा होता. समोरून "निकालापर्यंत देतो" एवढा एक मेसेज आला आणि ते प्रकरण तिथेच मिटलं. प्रत्येक बाप पळणारा नसतो. कित्येकांना वकिलाने "अठराला बंद" असं सांगितलेलं असतं आणि बारावी कधी संपते हे डोक्यात आलेलं नसतं.

एक विनंती: हा निरोप मुलाच्या तोंडून पाठवू नका. परीक्षेच्या वर्षात "पप्पांना सांग फी भर" हे वाक्य त्या पोराच्या मानेवर धोंड्यासारखं बसतं. मी ती चूक केली आहे.

पाचवं काम: कागद

शाळा-कॉलेजचं बोनाफाईड सर्टिफिकेट चालू वर्षाचं हवं. फीच्या पावत्या, परीक्षेच्या फॉर्मची पावती, हॉल तिकीट. दहावी-अकरावीच्या गुणपत्रिका, कारण मूल खरंच शिकतंय हे दिसलं पाहिजे. क्लासची छापील पावती मागून घ्या. "रोख दिले, डायरीत लिहिलंय" याला कोर्टात किंमत नाही. बस किंवा लोकलचा पास, खाणावळीचं बिल, मूल दुसऱ्या गावी असेल तर खोलीच्या भाड्याची पावती.

क्लासचा खर्च मागता येतो का, हे सगळ्याच विचारतात. येतो. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या पोटगीविषयीच्या निकालात म्हटलं आहे की मूळ शिक्षणाला पूरक असे कोचिंग क्लास पोटगी ठरवताना धरावेत, पण रक्कम वाजवी असावी, उधळपट्टीची नको. लातूरच्या किंवा कोट्याच्या क्लासची लाखांतली फी मागायची असेल तर गुणपत्रिका तेवढी बोलकी हवी. त्याच निकालात असंही आहे की शिक्षणाचा खर्च सर्वसाधारणपणे बापाने करायचा, आणि आई पुरेशी कमावती असेल तर दोघांनी कमाईच्या प्रमाणात वाटून घ्यायचा. म्हणून स्वतःचा पगार लपवू नका.

लपवता येतही नाही. या निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. पगार, बँक खाती, कर्जाचे हप्ते, विमा, घरभाडं, सगळं. हे भरायला दोन-तीन संध्याकाळ लागतात. माझ्या मते अख्ख्या प्रकरणात वेळ द्यावा असा कागद हाच. समोरचा "धंदा बसला" म्हणत असेल आणि गाडीचा हप्ता महिन्याला वीस हजार भरत असेल, तर ते इथेच उघडं पडतं.

मिळालेल्या पोटगीचा पुरावा म्हणून बँकेचं स्टेटमेंट काढा. यूपीआयचे स्क्रीनशॉट फोन बिघडला की गेले.

सहावं काम: अर्ज

अर्ज वाढदिवसाआधी दाखल झाला तर तो आई करू शकते. वाढदिवसानंतर मूल स्वतःच्या नावाने पक्षकार होतं आणि वकीलपत्रावर त्याचीच सही लागते. सज्ञान अविवाहित मुलगी आईजवळ राहत असेल तर आई तिच्यासाठी मागू शकते, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलं आहे. तरी माझा सल्ला असा की शक्य असेल तिथे आई आणि मुलगी, दोघींची नावं घाला. तांत्रिक हरकतींवर सहा महिने घालवण्यात काही शहाणपण नाही.

तुम्ही राहता तिथल्या कोर्टात अर्ज करता येतो. कलम १४४ खालच्या अर्जासाठी नवऱ्याच्या गावी जायची गरज नाही. अर्ज मराठीत चालतो. महाराष्ट्रात पोटगीच्या प्रकरणांत महिलांना १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे, खिडकीवर कोणी मागितली तर शांतपणे ही माफी सांगा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे. त्यांची हेल्पलाईन १५१०० आहे.

मुख्य अर्जासोबत अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या, पोटगीचा अर्ज त्याच दिवशी द्या. कायद्यात त्यासाठी नोटीस बजावल्यापासून ६० दिवस सांगितले आहेत. प्रत्यक्षात जास्त लागतात, पण पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजून द्यायची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या त्याच निकालात ठरवून दिलं आहे. म्हणून अर्ज पडल्याची तारीख महत्त्वाची. "परीक्षा होऊ दे, मग बघू" म्हणून मी चार महिने थांबले, त्या चार महिन्यांचे पैसे कोर्टाकडून मिळण्याची वाट बंद झाली.

आधी तुम्हाला समुपदेशकाकडे पाठवतील. ही टाळायची पायरी समजू नका. माझं जे काही ठरलं ते समुपदेशकाच्या त्या छोट्या खोलीतच ठरलं. तिथे मागताना शेवटच्या तारखेचं वाक्य आधी मागा, आकडा नंतर. "बारावीचा निकाल लागेपर्यंत, पुरवणी परीक्षा द्यावी लागल्यास तिचा निकाल लागेपर्यंत, आणि पुढे पहिली पदवी पूर्ण होईपर्यंत" असं सलग लिहून घ्या. फी थेट कॉलेजला भरतो असं समोरचा म्हणाला तर खुशाल मान्य करा. पैसे आईच्या हातात द्यायला नको वाटणारे पुष्कळ असतात, कॉलेजच्या खात्यात भरायला त्यांची हरकत नसते. आणि ज्यांचा घटस्फोट अजून व्हायचा आहे, मूल पाच-सहा वर्षांचं आहे, त्यांनी तर हे वाक्य आत्ताच संमतीच्या अटींमध्ये घालावं.

थकबाकी

मूल अठराचं झालं म्हणून मागची थकलेली पोटगी माफ होत नाही. मात्र कलम १४४ खालच्या (आणि जुन्या १२५ खालच्या) आदेशाची रक्कम वॉरंटने वसूल करायची तर ती देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. वर्ष उलटलं की हा सोपा रस्ता बंद. त्यासाठी कॅलेंडरवर खूण करा. दिवाणी हुकूमनामा (दिवाणी कोर्टाचा निर्णय) असेल तर दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, करून पगार जप्त करता येतो, आणि पोटगीच्या हुकूमनाम्यात पगाराचा एक तृतीयांश भागच जप्तीतून वगळला जातो. नोकरदार माणसाच्या कंपनीत जप्तीचं पत्र जाणार म्हटल्यावर बरेचदा तडजोड होते.

ऑर्डर अमेरिकेतली असेल तर

तिथे कोर्टाने आदेश दिला असेल आणि मूल तिथेच शिकत असेल तर वरचं बहुतेक लागू नाही, त्या त्या राज्याचा कायदा लागतो, आणि हायस्कूलचा विचार तिथल्या कायद्यांत थेट लिहिलेला आहे. कॅलिफोर्नियात मूल अठराचं झालं तरी अविवाहित असून पूर्णवेळ हायस्कूलमध्ये असेल आणि स्वतःच्या पायावर उभं नसेल तर बारावी पूर्ण होईपर्यंत किंवा एकोणीस होईपर्यंत, जे आधी येईल तोवर, पैसे चालू राहतात. टेक्सासमध्ये अठरा किंवा हायस्कूलचं शिक्षण पूर्ण, यातलं जे नंतर येईल ते. न्यू जर्सीत, जिथे आपली मंडळी बरीच आहेत, २०१७ पासून साधारणपणे एकोणिसाव्या वाढदिवसाला पोटगी आपोआप बंद होते. मूल अजून हायस्कूलमध्ये किंवा पूर्णवेळ कॉलेजात असेल तर मुदत वाढवून मागता येते, तेविसाव्या वर्षापर्यंत. वसुली प्रोबेशन विभागामार्फत होत असेल तर १८० दिवस आधी एक सूचना येते आणि ९० दिवस आधी दुसरी. ते पाकीट जाहिरातीचं समजून फेकू नका. उत्तर आणि शाळेचा दाखला मुदतीत गेला नाही तर कोणी विचारायला येत नाही.

माझ्या मुलाचं म्हणाल तर बारावीचा निकाल लागेपर्यंतचे पैसे समुपदेशकाच्या खोलीत मंजूर झाले, पदवीची फी दोघांनी निम्मी-निम्मी असं ठरलं. या वेळी कागदावर सही करण्याआधी मी मुदतीचं वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं, समुपदेशकबाई हसल्या.